चुलीच्या धुरापासून पत्ताकोबीपर्यंत: पेशीतला एक रिसेप्टर काय काय ओळखतो

विदर्भातल्या कापूस उत्पादकाने रिसेप्टरचा, म्हणजे पेशीतल्या रेणू चिकटण्याच्या जागेचा, परिणाम स्वतःच्या वावरात पाहिलेला आहे. बीटी कपाशीवरची गुलाबी बोंडअळी मरेनाशी झाली, त्यामागे एका रिसेप्टरचीच गोष्ट आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बीटी कपाशीच्या पानात आणि बोंडात क्राय१एसी नावाचं प्रथिन असतं. अळीने बोंड पोखरलं की ते तिच्या पोटात जातं. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. तिथे हे प्रथिन विरघळतं, पाचकरस त्याचा काही भाग छाटून टाकतात, आणि उरलेला भाग आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतो. चिकटला तरच पुढचं घडतं: पेशीच्या आवरणाला छिद्रं पडतात, पेशी फुगून फुटते, अळी खाणं सोडते आणि मरते. हे कॅडहेरिन म्हणजे त्या विषाचा रिसेप्टर. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात नाना तऱ्हेचे बिघाड सापडले. चिकटायची जागाच नीट उरली नाही, त्यामुळे विष पोटात जाऊनही अळी जगली. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बियाण्यात क्राय२एबी हे दुसरं प्रथिन होतं. त्यालाही अळी पुढे पुरून उरली, तेव्हा एबीसीए२ नावाचं निराळं प्रथिन बिघडलेलं आढळलं.

विष तेच, मात्रा तीच, तरी परिणाम शून्य. रसायन किती विषारी आहे याइतकंच, ते शरीरात कशाला चिकटतं हेही महत्त्वाचं असतं. आपल्या शरीरातही असे शेकडो रिसेप्टर आहेत. रिसेप्टर म्हणजे पेशीतलं असं प्रथिन, ज्यात ठराविक आकाराच्या रेणूला बसायला खाच असते. रेणू बसला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि तेवढ्याने पेशीत पुढची कामं सुरू होतात. काही रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात. त्यांचा परिणाम सेकंदा-मिनिटांत दिसतो. काही पेशीच्या आत असतात आणि थेट जनुकं चालू-बंद करतात. त्यांना तास लागतात, पण परिणाम लांबतो. पहिल्या प्रकाराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण फवारणीचा संबंध त्याच्याशी आहे. या लेखाचा मुख्य विषय मात्र दुसऱ्या प्रकारातला एक रिसेप्टर आहे, जो चुलीचा धूर, जळतं प्लास्टिक, पत्ताकोबी आणि आतड्यातले जिवाणू या सगळ्यांना ओळखतो.

फवारणीत नेमकं काय बिघडतं

नस स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तो ॲसिटिलकोलीन या रेणूमार्फत. तो समोरच्या रिसेप्टरवर बसतो, स्नायू आखडतो किंवा लाळ सुटते, आणि लगेच एक विकर (एन्झाइम) त्या रेणूचे तुकडे करून निरोप संपवतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं या विकरालाच निकामी करतात. रिसेप्टर धडधाकट असतो, पण त्याच्यावरचा निरोप थांबतच नाही. मग तोंडाला फेस, दरदरून घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर, जुलाब. यानंतर स्नायू फडफडू लागतात आणि शेवटी लुळे पडतात. श्वासाचे स्नायूही त्यातच आले.

या निरोपाचे रिसेप्टर दोन जातीचे आहेत. या विषबाधेवर दिलं जाणारं ॲट्रोपिन हे औषध ग्रंथींवरच्या, म्हणजे मस्करिनिक जातीच्या, रिसेप्टरमध्ये स्वतः जाऊन बसतं आणि ॲसिटिलकोलीनला जागा देत नाही. म्हणून छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा देतात. स्नायूंवरचे निकोटिनिक जातीचे रिसेप्टर मात्र ॲट्रोपिनला दाद देत नाहीत. घाम-लाळ थांबली म्हणून रुग्णाला घरी न्यायची घाई करतात, ती म्हणूनच जिवावर बेतते. प्रालिडॉक्झिम हे दुसरं औषध अडकलेलं विकर मोकळं करतं, पण विष आणि विकर यांची गाठ वेळेनुसार पक्की होत जाते, उशीर झाला की ते सुटत नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्या हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली होती, फवारा तोंडावर-छातीवर येत होता आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. यातली सगळी औषधं एकाच रिसेप्टरवर काम करत नाहीत. सायपरमेथ्रिन नसांतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. डायफेनथियुरॉन पेशीचा ऊर्जा तयार करणारा भागच बंद पाडतं, त्याला खास उतारा नाही. दवाखान्यात औषधाचा डबा किंवा निदान लेबल सोबत न्यायला सांगतात ते एवढ्यासाठी: कोणत्या ठिकाणी घाव आहे हे त्यावरून कळतं. वाटेत दूध, तूप पाजू नये, बोटं घालून उलटी काढू नये. कपडे काढून साबणाने अंग, केस, नखांच्या खालची जागा धुवावी, आणि धुणाऱ्याने स्वतःच्या हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधावी. कातडीतून विष शिरत राहतं, म्हणून ओल्या कपड्यानिशी नेलेल्या रुग्णाला गाडीतही मात्रा मिळतच असते.

एएचआर: पेशीच्या आतला पहारा

आता मुख्य विषय. याचं पूर्ण नाव ॲरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर, सोयीसाठी एएचआर. १९७६ साली अमेरिकेत ॲलन पोलंड आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं डायॉक्सिन (क्लोरीन असलेल्या वस्तू जळताना बनणारं विष) उंदराच्या यकृतात कशाला चिकटतं ते शोधलं, तेव्हा हा सापडला. त्याचं जनुक १९९२ मध्ये हाती आलं. बरीच वर्षं त्याला ‘डायॉक्सिनचा रिसेप्टर’ असंच म्हणत. पण डायॉक्सिन ओळखण्यासाठी निसर्गाने प्रथिन का राखून ठेवावं, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत आतड्यातून मिळालं.

त्याचं काम असं चालतं. रिकामा असताना एएचआर पेशीद्रवात असतो, एचएसपी९० सारख्या मदतनीस प्रथिनांनी धरून ठेवलेला. सपाट, कड्या जोडून बनलेला, तेलात विरघळणारा रेणू पेशीत आला की तो याच्या खाचेत बसतो. एएचआर मग केंद्रकात शिरतो, तिथे आर्न्ट नावाच्या प्रथिनाशी जोडी जमवतो आणि ही जोडी डीएनएवर जीसीजीटीजी ही अक्षरं असलेल्या ठिकाणी बसते. त्या ठिकाणाजवळची जनुकं काही तासांत चालू होतात.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात चालू होतात ती सीवायपी१ए१, सीवायपी१ए२, सीवायपी१बी१ ही जनुकं. यांच्यापासून बनणारी विकरं आलेल्या रेणूला कापतात, म्हणजे तो पाण्यात विरघळून लघवीवाटे किंवा पित्तावाटे जाण्यालायक होतो. जोडीला एएचआरआर नावाचं प्रथिनही बनतं, जे एएचआरचंच काम रोखतं. म्हणजे रिसेप्टर चालू झाला की स्वतःला बंद करण्याची सोयही तोच करतो. रेणू कापला गेला की निरोप संपला. पुढे जे काही सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे: एएचआरवर बसलेला रेणू किती लवकर कापला जातो, त्यावर तो शरीराला पोषक ठरतो की घातक, हे पुष्कळसं ठरतं.

धूर

पऱ्हाटी, तुराट्या, बाभूळ, गोवऱ्या, काहीही अर्धवट जळलं की पीएएच नावाचे रेणू तयार होतात. बेंझोपायरीन हा त्यातला सगळ्यात अभ्यासलेला, आणि माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो घातलेला आहे. फुप्फुसाच्या पेशीत गेल्यावर तो एएचआरवर बसतो, सीवायपी१ए१ तयार होतं, आणि ते बेंझोपायरीनला कापायला घेतं. इथे अडचण होते. कापण्याच्या मधल्या टप्प्यावर जो तुकडा बनतो तो मूळ रेणूपेक्षा घातक असतो, तो डीएनएला जाऊन चिकटतो. शरीराची सफाईच इथे इजा करते. एखाद्या वेळच्या धुराने झालेली इजा पेशी दुरुस्त करून घेते. पण सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसात हे चक्र वर्षानुवर्षं रोज दोनदा फिरतं, आणि मांडीवरच्या लेकराच्या फुप्फुसातही.

गॅस असूनही अनेक घरांत पाणी तापवणं, भाकरी, ढोरांची आंबोण चुलीवरच होते, कारण सिलिंडरचे पैसे परवडत नाहीत. तिथे चूल सोडा असं सांगून काही साधत नाही. धूर कमी करणं शक्य आहे. पावसात भिजलेली पऱ्हाटी सगळ्यात जास्त धूर देते. सरपण उन्हाळ्यातच छपराखाली आणि जमिनीपासून उचलून रचलं, तर पावसाळ्यात निम्मा त्रास वाचतो. जाड ओंडका घुसमटत जळतो, बारीक काड्या आणि खालून हवा मिळाली तर ज्वाळ स्वच्छ येते. गोवरी मंद जळते, म्हणून तिचा धूर जास्त. धुराडं असेल तर ते छपराच्या वर निघालेलं हवं आणि त्यातली काजळी नियमित काढायला हवी. काजळीने अरुंद झालेल्या धुराड्यातून धूर उलटा घरात येतो.

रोडगे आणि भरताचं वांगं यांच्याबद्दल विचारलं जातं. रोडगे गोवऱ्यांच्या ज्वाळेवर न भाजता, धूर संपून निखारे झाल्यावर भाजतात, ही आपली जुनी रीत या बाबतीत बरोबरच आहे. वरची राख झटकावी, कोळसा झालेला पापुद्रा काढून टाकावा. वांग्याची काजळी सालीवर असते आणि साल आपण काढतोच. मात्र साल काढल्यावर काळं पाणी गरात मिसळू देऊ नये, आणि तेल लावून वांगं ज्वाळेत धरू नये. चरबी किंवा तेल आगीवर टपकलं की जो धूर उठतो तो पीएएचने भरलेला असतो आणि परत अन्नावरच बसतो. मांस जाळीवर भाजताना धोका वाढतो तो याच कारणाने.

जळती वायर

आमच्या मते गावातली सगळ्यात घातक सवय चुलीची नाही. ती आहे तांबं काढण्यासाठी जुनी वायर जाळण्याची. मोटारीची केबल, जुनं वायरिंग कोठ्यामागे पेटवायचं, प्लास्टिक जळून गेलं की तांबं भंगारवाल्याला द्यायचं. वायरीवरचं आवरण पीव्हीसीचं असतं. शुद्ध पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग क्लोरीन असतो. डायॉक्सिन बनायला लागतं काय? क्लोरीन, अर्धवट जळलेला कार्बन, साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअसचं तापमान आणि ही अभिक्रिया घडवून आणणारा धातू. तांबं हा त्यासाठी सगळ्यात कार्यक्षम धातूंपैकी एक. वायर जाळताना हे चारही एकत्र येतात.

डायॉक्सिनही एएचआरवरच बसतं, आणि घट्ट बसतं. सीवायपी१ए१ तयार होतं, पण या रेणूवरच्या क्लोरीनमुळे विकराला तो कापता येत नाही. बंद करण्याची सोय निरुपयोगी ठरते आणि रिसेप्टर चालूच राहतो. माणसाच्या शरीरात शिरलेलं सगळ्यात विषारी डायॉक्सिन निम्मं व्हायला ७ ते ११ वर्षं लागतात. १९७६ मध्ये इटलीतल्या सेवेसो गावाजवळच्या कारखान्यातून ते हवेत सुटलं आणि लहान मुलांच्या चेहऱ्यांवर क्लोरॅक्ने नावाचे गाठाळ फोड उठले. २००४ मध्ये युक्रेनचे नेते व्हिक्टर युश्चेन्को यांच्यावर विषप्रयोग झाला, त्यांच्या चेहऱ्यावरही तेच.

प्राण्याप्राण्यात याचा फरक थक्क करणारा आहे. गिनीपिग किलोमागे सुमारे १ मायक्रोग्रॅमने मरतो, हॅमस्टरला त्याच्या हजारपटीहून जास्त लागतं. माणसाच्या एएचआरच्या खाचेत एक अमिनो आम्ल उंदराहून निराळं आहे, त्यामुळे आपल्यात डायॉक्सिन संवेदनशील उंदरांच्या तुलनेत साधारण दहापट सैल बसतं. बोंडअळीच्या कॅडहेरिनसारखाच हा प्रकार, खाचेत थोडा बदल आणि परिणामात मोठा. पण सैल म्हणजे निरुपद्रवी नव्हे, कारण ते बाहेर जातच नाही.

श्वासातून जाणारा वाटा यात थोडा. डायॉक्सिनचा ९० टक्क्यांहून जास्त भाग माणसात अन्नातून येतो, विशेषतः चरबी असलेल्या अन्नातून. राख गवतावर, कडब्यावर, कुटारावर बसते, म्हैस ती खाते, डायॉक्सिन तिच्या चरबीत साठतं आणि दुधातून, तुपातून बाहेर येतं. गावरान कोंबड्या राखेचा ढीग उकरून दाणे-किडे टिपतात, त्यामुळे जाळपोळीच्या जागेजवळच्या कोंबड्यांच्या अंड्यात ते जास्त सापडतं. वायर जाळायची नसेल तर चाकूने किंवा साध्या हाती यंत्राने सोलता येते. सोललेल्या तांब्याला भावही बरा मिळतो. ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद पॉलिथिनचे असतात, त्यात क्लोरीन नसतं, पण जाळले तर पीएएचचा काळा धूर भरपूर. औषधांचे रिकामे डबे मात्र जाळूच नयेत, कारण अनेक कीटकनाशकांच्या रेणूत क्लोरीन असतं. डबा तीनदा खळखळून धुऊन ते पाणी पंपातच ओतावं आणि भोक पाडून ठेवावा.

आईच्या दुधातही डायॉक्सिन अत्यल्प प्रमाणात उतरतं, हे वाचून कोणी बाळाचं दूध तोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्तनपानाचीच आहे, त्याचे फायदे या धोक्यापेक्षा खूप मोठे आहेत.

मग हा रिसेप्टर हवा तरी कशाला

आतड्याच्या आतल्या अस्तरात पहारेकरी पेशींची एक ओळ असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना भाजीपाल्यातली एएचआरला चालू करणारी द्रव्यं नसलेलं अन्न दिलं, तेव्हा या पेशी झपाट्याने घटल्या आणि आतड्यात जिवाणूंची संख्या बेसुमार वाढली. त्याच अन्नात इंडोल-३-कार्बिनॉल घातल्यावर पेशी टिकल्या. एएचआर नसलेल्या उंदरांत काहीही घातलं तरी उपयोग झाला नाही. म्हणजे पहारा टिकवायला रिसेप्टरला थोडी चालना रोज मिळावी लागते, आणि ती अन्नातून येते.

इंडोल-३-कार्बिनॉल मिळतं पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा आणि त्याचा पाला यांतून. पण भाजीत ते तयार नसतं. भाजीत ग्लुकोब्रासिसिन असतं आणि वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज हे विकर. पान चिरलं, चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून हे द्रव्य बनतं. जठराच्या आम्लात त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि त्या जोडरेणूंपैकी एक एएचआरवर चांगला घट्ट बसतो. पण डायॉक्सिनसारखा तो अडकून राहत नाही: सीवायपी१ए१ त्याला कापतं आणि निरोप संपतो.

स्वयंपाकात हे कुठे फसतं? मायरोसिनेज उष्णतेने मरतं. पत्ताकोबीचे मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात किंवा कुकरात टाकले तर विकर आधीच संपतं आणि ग्लुकोब्रासिसिन पाण्यात उतरतं. ते पाणी फेकलं की उरलंसुरलंही गेलं. त्याऐवजी कोबी बारीक चिरून अर्धा तास तशीच ठेवावी, मग फोडणीत झाकण ठेवून थोडा वेळ वाफवावी, करकरीत राहील इतपतच. वेगळं पाणी घालू नये. शिजलेल्या भाजीत विकर परत आणायचं तर आच बंद करून भाजी जरा निवाल्यावर चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड घालावी. मोहरीतही मायरोसिनेज असतं. फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा यासाठी उपयोग नाही, तिचं विकर तेलातच गेलेलं असतं. मुळ्याचा किस, कोबीची कोशिंबीर कच्चीच असल्याने तिथे ही अडचण येत नाही. विकर मेलेल्या भाजीतूनही आतड्यातले काही जिवाणू थोडं द्रव्य काढून देतात, पण कमी.

कोबीवर फवारणी दाट होते. बाहेरची तीन-चार पानं काढावी, पानं सुटी करून वाहत्या पाण्यात धुवावी. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी कच्ची कोबी रोज वाटीवाटीने खाऊ नये; शिजवलेली बेतात चालते, आणि मीठ आयोडीनयुक्त असावं.

दुसरा पुरवठा जिवाणूंचा आहे, आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो बारमाही चालतो. प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल थोडंसं असतं. न पचलेला त्याचा भाग मोठ्या आतड्यात पोचला की जिवाणू त्यापासून इंडोल गटातली द्रव्यं करतात. काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू इंडोल-३-अल्डिहाइड बनवतात. ते एएचआरवर बसतं, त्यामुळे आतड्यातल्या पेशी आयएल-२२ नावाचं संदेशद्रव्य सोडतात, त्यातून अस्तर दुरुस्त होतं, जंतू मारणारी प्रथिनं बनतात आणि कॅन्डिडासारख्या बुरशीला अटकाव होतो. हे २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं.

ज्वारीत ट्रिप्टोफॅन कमी. तुरीच्या डाळीतही बेताचंच. आपल्या रोजच्या ताटातली ही उणीव तीळ, जवस, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, अंडी भरून काढतात. भाकरीबरोबर जवसाची किंवा तिळाची चटणी म्हणजे नुसतं तोंडी लावणं नाही. पण ट्रिप्टोफॅन असून भागत नाही, त्याचं काय करायचं हे जिवाणू त्यांना आणखी काय खायला मिळतं त्यावर ठरवतात. चोथा भरपूर असेल तर ते चोथ्यावर जगतात, त्यापासून ब्युटिरेट करतात. ब्युटिरेट स्वतः आतड्याच्या पेशींचं इंधन आहे, त्याचे वेगळे रिसेप्टर आहेत आणि एएचआरचा परिणामही ते वाढवतं. चोथा नसेल तर काही जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून साधं इंडोल जास्त करतात. ते यकृतात जाऊन इंडॉक्सिल सल्फेट होतं. मूत्रपिंड नीट असेल तर ते लघवीतून जातं. मूत्रपिंड निकामी होत असेल तर ते रक्तात साठतं, सतत एएचआरवर बसून रक्तवाहिन्यांना इजा करतं. म्हणजे आतड्यातल्याच जिवाणूंची देणगी, पण साचली की डायॉक्सिनच्या वाटेने जाते.

म्हणून आंबाडी, तरोटा, चिवळ यांसारख्या पावसाळी रानभाज्या, सालीची डाळ, ज्वारीची भाकर, बरबटीच्या शेंगा या सगळ्यांचं मोल जिवाणूंना चोथा पुरवण्यात आहे. रात्रीची गार झालेली भाकर किंवा भात यात न पचणारा पिठूळ भाग थोडा वाढतो, तोही जिवाणूंना जातो. भात मात्र उन्हाळ्यात उघडा ठेवून शिळा करू नये, त्यात वेगळे जंतू वाढतात. ताकातले जिवाणू कढी उकळल्यावर मरतात. आणि सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून स्वतःहून घेतलेला अँटिबायोटिकचा अर्धा डोस विषाणूला काही करत नाही, आतड्यातल्या या कामगारांना मात्र मारतो.

बिडी, दम्याची गोळी आणि एक मलम

एएचआरने चालू केलेलं सीवायपी१ए२ हे विकर औषधंही कापतं, आणि इथे गावात खरोखर घोळ होतो. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या थिओफायलिनचा निम्मा भाग बिडी न ओढणाऱ्याच्या रक्तातून साधारण ८ तासांत जातो, बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातून ४ ते ५ तासांतच. कारण निकोटिन नाही, धुरातले पीएएच आहेत. त्यामुळे खर्रा खाणाऱ्यात हा परिणाम तसा दिसत नाही. डॉक्टरांनी बिडी ओढणाऱ्याचा डोस त्या मानाने ठरवला, आणि दवाखान्यात भरती झाल्यावर त्याची बिडी सुटली, तर दीड-दोन दिवसांत विकराचं वाढलेलं काम निम्म्यावर येतं, आठवड्याभरात जवळजवळ मूळ पातळीवर. डोस तोच राहिला तर औषध रक्तात साठतं: मळमळ, हात थरथरणं, छातीत धडधड, फारच वाढलं तर झटके. मानसिक आजारावरच्या क्लोझापिन आणि ओलान्झापिनचंही तसंच आहे. बिडी सोडावीच, पण सोडतो आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं म्हणजे ते मात्रा कमी करतील. पित्तावरची ओमेप्राझोल गोळीही एएचआरमार्फत हेच विकर थोडं वाढवते.

त्वचेच्या पेशींतही एएचआर आहे. सोरायसिसवर दगडी कोळशाच्या डांबराचं मलम शंभरहून जास्त वर्षं वापरात आहे, ते का लागू पडतं याचा उलगडा एएचआरमधून झाला: तो त्वचेच्या अस्तराची घडण सुधारतो. २०२२ मध्ये अमेरिकेत टॅपिनारोफ या एएचआर चालू करणाऱ्या मलमाला सोरायसिससाठी मान्यता मिळाली. हा रेणू मुळात सापडला तो फोटोरॅब्डस या जिवाणूत. हा जिवाणू हेटेरोरॅब्डायटिस या सूत्रकृमीच्या पोटात राहतो, आणि सोयाबीन-उसातल्या हुमणीसाठी शेतकरी जे मित्रसूत्रकृमी जमिनीत सोडतात ते याच जातीचे. सूत्रकृमी हुमणीत शिरतो, जिवाणू बाहेर पडतो, हुमणी मरते, आणि जिवाणू मेलेल्या हुमणीत दुसऱ्या जंतूंना वाढू न देण्यासाठी जी द्रव्यं सोडतो त्यातलंच एक हे.

यावरून कोणी डांबर किंवा शेतात सोडायची सूत्रकृमींची पावडर कातडीला लावू नये. तसंच कोबीतल्या द्रव्यांच्या कॅप्सूल ‘शरीर शुद्ध करणाऱ्या’ म्हणून विकल्या जातात, त्यांत एका भाजीच्या ताटापेक्षा अनेकपट मात्रा असते. ती सीवायपी विकरं जोरात वाढवते, आणि त्याबरोबर तुमच्या चालू औषधांचा हिशेब बिघडतो. थिओफायलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांपैकी काही सुरू असेल तर ही कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. वाटीभर पत्ताकोबीच्या भाजीला अशी कोणतीही अट नाही.